थंडीत चेंडू फेकावा की पोटाशी धरून पळावं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डिसेंबर लागला, ग्रीन बे, बफेलो, शिकागो, क्लीव्हलंड इथली मैदानं गोठू लागली, की चेंडू हवेतून फेकण्याचा नाद सोडायचा आणि तो पोटाशी आवळून पळायचं. टीव्हीवरचे समालोचक हेच सांगतात, निवृत्त खेळाडू हेच सांगतात. हरलेला प्रशिक्षकही पत्रकारांसमोर ‘आम्ही आणखी पळायला हवं होतं’ असं म्हणून मोकळा होतो. या समजुतीवर संघ बांधले जातात, खेळाडूंचे करार होतात, सामन्याचे डावपेच ठरतात. मला ती बऱ्याच अंशी चुकीची वाटते. पासचा खरा शत्रू वारा आहे, थंडी नव्हे; आणि वाराही सगळ्याच पासचा शत्रू नाही. नुसत्या थंडीला घाबरून जो संघ पास सोडतो, तो आपल्या हातातलं चांगलं हत्यार स्वतःहून खाली ठेवतो.

हा खेळ ज्यांच्या फारसा पाहण्यात नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधी सांगतो. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात क्वार्टरबॅक एकतर चेंडू रनिंग बॅकच्या हातात देतो किंवा पुढे पळणाऱ्या रिसीव्हरकडे फेकतो. हातात देऊन पळवला तर सरासरी चार यार्डांहून थोडं अधिक मिळतं, आणि बहुतेक वेळा काहीतरी मिळतंच. फेकला तर दर प्रयत्नाला सरासरी सातेक यार्ड पडतात. पण पास झेलला गेला नाही तर पदरात शून्य, आणि प्रतिस्पर्ध्याने झेलला (याला इंटरसेप्शन म्हणतात) तर चेंडूच गेला. शिवाय घड्याळाचा हिशेब आहे. पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं. पळणारा खेळाडू मैदानाच्या आत पाडला गेला तर ते चालू राहतं. घड्याळाचा हा मुद्दा पुढे फार कामाला येणार आहे.

समजुतीच्या बाजूने जे आहे ते आधी मान्य करायला हवं. चेंडूत हवा भरायची ती दर चौरस इंचाला साडेबारा ते साडेतेरा पौंड, असा नियम आहे. एकवीस अंश सेल्सिअसच्या उबदार खोलीत तेरा पौंड भरलेला चेंडू उणे अठरा अंशांत नेऊन ठेवला तर आतला दाब नऊ पौंडांच्या थोडा वर एवढाच उरतो. शाळेत शिकलेला वायूंचा नियमच इथे लागू होतो. जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या मऊ चेंडूंवरून वाद पेटला तेव्हा अख्ख्या अमेरिकेने त्याची उजळणी केली होती. दाब कमी होतो, पण चेंडू हाताला मऊ लागत नाही, कारण वरचं कातडं कडक होतं आणि गुळगुळीत लागतं. बोटं बधिर झालेली असतात, चिमटीत जोर राहत नाही. तेवढ्याच तापमानात हवाही पंधरा टक्क्यांच्या आसपास दाट होते, म्हणजे चेंडूला अडथळा वाढतो. गोठलेला चेंडू छातीवर आदळला की विटेसारखा लागतो. हे सगळं खरं आहे, आणि क्वार्टरबॅक कितीही मोठा असला तरी या गोष्टी त्याच्या मर्जीने चालत नाहीत.

पण प्रश्न थंडीत पास अवघड होतो का, एवढाच नाही. पळणं त्याहून कमी अवघड होतं का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. तोच निसरडा चेंडू रनिंग बॅकच्याही हातात असतो आणि त्यालाही तो सुटायची भीती असते. शिवाय त्याची सगळी कला पायांत असते. समोर भिंत दिसली की पाऊल रोवून झटक्यात दिशा बदलायची, फट दिसेल तिकडे घुसायचं. जमीन काचेसारखी झाली की पाऊल रोवताच येत नाही. रिसीव्हर मात्र कुठे वळायचं ते निघण्यापूर्वीच ठरवून निघालेला असतो. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्याला ते ठाऊक नसतं. त्याला बघून, ओळखून मग वळावं लागतं, आणि बर्फावर उशिरा वळणारा घसरतो. क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्या बचावपटूंचा सगळा भर पहिल्या पावलाच्या धक्क्यावर असतो. तो धक्काही घसरड्या जमिनीत विरतो आणि क्वार्टरबॅकला थोडा जास्त वेळ मिळतो. ज्याला पुढे काय होणार हे माहीत आहे त्याचा गोठलेल्या मैदानावर फायदा असतो, आणि तो माणूस आक्रमणाच्या बाजूला उभा असतो.

या समजुतीचं देऊळ म्हणजे ‘आइस बोल’ नावाने ओळखला जाणारा सामना. ३१ डिसेंबर १९६७, विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे गावचं लॅम्बो फील्ड. ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज, अजिंक्यपदाचा सामना. तापमान उणे पंचवीस अंश सेल्सिअस. पॅकर्सचे प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांनी मैदानाखाली विजेच्या तारांचं जाळं घालून घेतलं होतं, पण ऐन वेळी ते उपयोगी पडलं नाही आणि गवतावरच्या ओलाव्याचा बर्फ झाला. पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या. उरलेला सामना त्यांनी ओरडून चालवला. शेवटचे सोळा सेकंद उरले असताना क्वार्टरबॅक बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन गोलरेषेत घुसला आणि पॅकर्स २१-१७ ने जिंकले. ती प्रतिमा जवळपास साठ वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर आहे: हाडं गोठवणारी थंडी, माणसांचा ढीग, आणि त्या ढिगातून चेंडू पोटाशी धरून पलीकडे गेलेला क्वार्टरबॅक. थंडीत पळून जिंकतात, याचा आणखी काय पुरावा हवा?

आता त्या शेवटच्या चढाईचा हिशेब मांडू. पॅकर्सनी आपल्याच ३२ यार्डांच्या रेषेवरून सुरुवात केली तेव्हा चार मिनिटं पन्नास सेकंद उरले होते. जायचं होतं ६८ यार्ड. स्टारने रनिंग बॅक डॉनी अँडरसनला सहा यार्डांचा पास दिला. चक मर्सीन सात यार्ड पळाला. बॉइड डाउलरला तेरा यार्डांचा पास. मग अँडरसन पळायला गेला आणि नऊ यार्ड मागे पाडला गेला. तिथे चढाई संपायची, पण स्टारने अँडरसनलाच बारा यार्डांचा पास दिला, पाठोपाठ नऊ यार्डांचा, आणि मग मर्सीनला एकोणीस यार्डांचा. मर्सीन आठ यार्ड पळाला, अँडरसन दोन. गोलरेषा हातभर अंतरावर आली. तिथून अँडरसन दोनदा पळायला गेला आणि दोन्ही वेळा त्याला पाय रोवता आला नाही. मग स्टारची ती घुसखोरी. बेरीज करून पाहा. अडुसष्टांपैकी एकोणसाठ यार्ड पाच पासनी मिळाले, आणि पाचही पास झेलले गेले. सात वेळा पळून पदरात पडले नऊ यार्ड.

अख्ख्या सामन्याचंही चित्र वेगळं नाही. पॅकर्स ३२ वेळा पळाले आणि त्यांना ८० यार्ड मिळाले, म्हणजे दर वेळी अडीच. स्टारने २४ पैकी १४ पास पोहोचवले, १९१ यार्ड कमावले, आणि पहिले दोन टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, डाउलरला दिलेल्या पासवरच झाले. डॅलसच्या आक्रमणाचा एकमेव टचडाउनसुद्धा पासच होता. चौथ्या भागाच्या सुरुवातीला रनिंग बॅक डॅन रीव्ह्जने पळतोय असं भासवून लान्स रेंटझेलला पन्नास यार्डांचा चेंडू फेकला. त्या दिवशी आक्रमणातून झालेल्या चार टचडाउनपैकी तीन हवेतून झाले. एक गोष्ट माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तीही सांगतो: स्टारला आठ वेळा चेंडूसकट पाडलं गेलं, आणि त्यातल्या एका वेळी सुटलेला चेंडू उचलून डॅलसच्या जॉर्ज अँड्रीने टचडाउन केला. पासची किंमत पॅकर्सनी मोजली होती. तरीही जिंकले ते पासमुळे.

शेवटच्या त्या धावेकडेही नीट बघायला हवं. ठरलेल्या चालीत चेंडू मर्सीनला द्यायचा होता. अँडरसन दोनदा घसरलेला स्टारने पाहिला होता. म्हणून त्याने बाजूच्या रेषेवर जाऊन लोम्बार्डींना सांगितलं की आपण उभेच आहोत, चेंडू कुणाच्या हातात न देता थेट पुढे घुसू. जेरी क्रेमर आणि केन बोमन यांनी समोरच्याला रेटलं आणि स्टार त्या फटीतून पडला. मागे मर्सीन हात वर करून येताना छायाचित्रात दिसतो. आपण स्टारला ढकलत नाही आहोत हे पंचांना कळावं म्हणून. म्हणजे या सामन्यातली सर्वांत प्रसिद्ध धाव घडली ती रनिंग बॅकला धावता येत नव्हतं म्हणून. शिवाय ती मोठी जोखीम होती. खेळ थांबवायची संधी उरलेली नव्हती. स्टार अडला असता तर घड्याळ संपलं असतं. पास चुकला असता तर मात्र घड्याळ थांबलं असतं आणि बरोबरीसाठी किक मारता आली असती. काउबॉइजना त्या क्षणी पास येणार असंच वाटत होतं, आणि हिशेबाने त्यांचं वाटणं बरोबर होतं.

त्याच सामन्यात थंडीने पासचं नुकसान केलं ते एका वेगळ्याच वाटेने. डॅलसचा रिसीव्हर बॉब हेज हा १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्णपदक जिंकलेला माणूस, जगातला सर्वांत वेगवान धावपटू. चेंडू आपल्याकडे येणार नसला की तो हात विजारीत घालून उभा राहायचा. येणार असला की हात बाहेर. पॅकर्सच्या बचावफळीने हे हेरलं आणि डॅलसच्या चाली आधीच ओळखल्या. इथे चूक पासची नव्हती. गारठलेले हात लपवायला साधन नव्हतं, एवढंच. आज खेळाडूंच्या कमरेला उबदार पिशवी असते, बाकं गरम असतात, रिसीव्हरच्या हातमोज्यांना चिकट तळवे असतात.

मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती आली त्या काळातून, जेव्हा पास कोणत्याही ऋतूत धोक्याचाच होता. साठच्या दशकात निम्म्याच्या आसपास पास झेलले जायचे आणि शंभरातले पाच-सहा प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडायचे. १९७८ मध्ये नियम बदलले. रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्काबुक्की करायला बंदी आली, क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून समोरच्याला थोपवायची मुभा मिळाली. आज शंभरातले पासष्टच्या आसपास पास झेलले जातात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात दोन-तीनच पडतात. खेळ पालटला, म्हण मात्र तशीच राहिली. १९४८ च्या अजिंक्यपदाच्या सामन्यात फिलाडेल्फियात हिमवादळ होतं. ईगल्सनी पासचा नाद जवळपास सोडला, स्टीव्ह व्हॅन ब्यूरनला पळवलं आणि ७-० ने जिंकले. त्या काळच्या नियमांत, त्या काळच्या चेंडूने, तो निर्णय शहाणपणाचा होता. आजचा प्रशिक्षक तो दाखला देतो तेव्हा तो वेगळ्याच खेळाचा दाखला देत असतो.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. ३० डिसेंबर १९६२, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, जायंट्स विरुद्ध पॅकर्स. जायंट्सचा क्वार्टरबॅक वाय. ए. टिटल त्या मोसमात ३३ टचडाउन पास फेकून आला होता. त्या दिवशी ताशी चाळीस मैलांपर्यंतचे झोत वाहत होते. टिटलने ४१ पास फेकले, १८ पोहोचले, आणि जायंट्सच्या आक्रमणाला एकही गुण मिळाला नाही; त्यांचा एकमेव टचडाउन पॅकर्सची किक अडवून झाला. पॅकर्स १६-७ ने जिंकले. पण पळूनही कुणाला फार मिळालं नाही. जिम टेलर ३१ वेळा पळाला आणि ८५ यार्ड कमावले, म्हणजे दर वेळी तीनही नाहीत. बाकी काम केलं जायंट्सच्या हातून सुटलेल्या चेंडूंनी आणि जेरी क्रेमरच्या तीन किक्सनी. आइस बोलमध्ये स्टारला वाट करून देणारा क्रेमर तो हाच. वारा असला की पास मरतो हे खरं; म्हणून धावणं आपोआप जिवंत होतं असं नाही.

याहून स्वच्छ पुरावा बफेलोने दिला आहे. एकच मैदान, तेच दोन संघ, मध्ये चाळीस दिवस. ६ डिसेंबर २०२१ च्या रात्री बफेलो बिल्स विरुद्ध पेट्रियट्स. थंडी बेताची, गोठणबिंदूच्या आसपास. पण वाऱ्याचे झोत ताशी पन्नास मैलांच्या घरात. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी अख्ख्या सामन्यात क्वार्टरबॅक मॅक जोन्सला तीन पास फेकू दिले. तीनच. ४६ वेळा चेंडू पळवला, २२२ यार्ड मिळवले आणि १४-१० ने सामना नेला. दुसऱ्या दिवशी देशभर एकच सूर: बघा, थंडीत असं खेळायचं असतं.

मग आला १५ जानेवारी २०२२, बाद फेरीचा सामना. या वेळी पारा उणे चौदा अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे डिसेंबरपेक्षा किती तरी खाली. वारा मात्र पडलेला. बिल्सच्या जॉश ॲलनने २५ पैकी २१ पास पोहोचवले, ३०८ यार्ड, पाच टचडाउन. वाया गेलेले पास चार आणि टचडाउन पाच. शेवटी वेळ काढायला गुडघा टेकला तेवढं सोडलं तर बिल्सना सात वेळा चेंडू मिळाला आणि सातही वेळा त्यांनी टचडाउन केला. ४७-१७. ते पळालेही उत्तम, पण डिसेंबरातल्या वाऱ्याने जो दरवाजा बंद केला होता तो जानेवारीच्या थंडीने बंद केला नाही. हे दोन सामने शेजारी ठेवून पाहणाऱ्याने थर्मामीटरवरून डावपेच ठरवणं सोडून द्यायला हवं.

तसं ते सोडलं जात नाही, याला एक आकडा बराच जबाबदार आहे. टीव्हीच्या पडद्यावर कोपऱ्यात ‘विंड चिल’ दाखवतात. उघड्या कातडीला वाऱ्यामुळे किती थंड वाटेल, त्याचं हे माप. चेंडूला ते लागू नाही. हवा स्थिर असो की वाहती, चेंडू आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होत नाही. पण या एका आकड्यात थंडी आणि वारा यांची मोट बांधली जाते आणि प्रेक्षकाला वाटतं की सगळी करामत थंडीची आहे. १० जानेवारी १९८२ चा सिनसिनाटीतला सामना ‘फ्रीझर बोल’ म्हणून गाजला. हवेचं तापमान उणे तेवीस अंश सेल्सिअस, आणि विंड चिल तेव्हाच्या सूत्राने उणे ५९ अंश फॅरनहाइट. २००१ मध्ये सूत्र बदललं. नव्या हिशेबाने तेच माप उणे ३७-३८ च्या आसपास येतं. हवा तीच, वारा तोच, आकडा वीसेक अंशांनी सरकला. अशा मापावर कुणी डावपेच आखू नयेत.

त्या सामन्याची आठवणही एकाच बाजूने सांगितली जाते. आदल्याच आठवड्यात मायामीच्या उकाड्यात ४३३ यार्ड फेकणारा सॅन डिएगो चार्जर्सचा डॅन फाउट्स सिनसिनाटीच्या गारठ्यात गळाठला, दोन इंटरसेप्शन देऊन बसला, चार्जर्स २७-७ ने हरले. सगळं बरोबर. पण त्याच वाऱ्यात, त्याच चेंडूने, सिनसिनाटी बेंगल्सच्या केन अँडरसनने २२ पैकी १४ पास पोहोचवले आणि दोन टचडाउन दिले, एकही इंटरसेप्शन न देता. थंडीत पास चालत नाही असं या सामन्यावरून म्हणायचं तर अँडरसनला वगळावं लागतं, आणि जिंकणाऱ्यालाच वगळणारा निष्कर्ष काय कामाचा?

वारा सगळ्या पासचा शत्रू नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, त्याचं उदाहरण शिकागोतलं आहे. ८ जानेवारी १९८९, सोल्जर फील्ड. उणे आठ अंश आणि मिशिगन सरोवरावरून येणारा झोंबरा वारा. कॅलिफोर्नियातून आलेले फोर्टीनाइनर्स तिथे गोठतील असं भाकीत होतं. जो मोंटानाने २७ पैकी १७ पास पोहोचवले, २८८ यार्ड आणि तीन टचडाउन. यजमान शिकागो बेअर्स २८-३ ने हरले. पहिला टचडाउन ६१ यार्डांचा होता, पण चेंडू हवेत ६१ यार्ड नव्हता. बाजूच्या रेषेजवळ जेरी राइसने तो झेलला आणि उरलेलं अंतर पळून काढलं. फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांची पद्धतच तशी होती: चेंडू लवकर सोडायचा, सपाट सोडायचा, नेमक्या जागी सोडायचा आणि पुढचं काम रिसीव्हरच्या पायांवर टाकायचं. वारा मारतो तो उंच, लांब, हवेत तरंगणाऱ्या पासला. आठ-दहा यार्डांचा कडक पास झोतातूनही जातो. वाऱ्याच्या दिवशी पास सोडायचे नसतात, आखूड करायचे असतात. पन्नास मैलांचे झोत असतील तर बेलिचिक यांच्यासारखं तीनवर थांबावं. पण तसे दिवस फार थोडे.

थंडीतल्या कणखरपणाचा विषय निघाला की मिनेसोटा व्हायकिंग्सचे बड ग्रँट आठवले जातात. उघड्या मेट्रोपॉलिटन स्टेडियममध्ये त्यांनी आपल्या खेळाडूंना बाजूला शेगडी ठेवू दिली नाही. त्यांची दगडासारखी मुद्रा या समजुतीची जणू मूर्तीच झाली. पण ग्रँट खेळत काय होते? त्यांचा क्वार्टरबॅक होता फ्रॅन टार्केंटन, त्या काळात सर्वांत जास्त पास पोहोचवणाऱ्यांपैकी एक. १९७५ मध्ये त्यांचा रनिंग बॅक चक फोरमन याने तब्बल ७३ पास झेलले. जो माणूस पळण्यासाठी ठेवलेला, त्याच्याकडे ग्रँट चेंडू फेकत होते. शेगडी न ठेवणं हा स्वभाव झाला, आखूड पास हा डावपेच झाला, आणि लोकांनी स्वभावालाच डावपेच समजून घेतलं.

आणखी एक गोंधळ आकड्यांच्या वाचनाचा आहे. ‘थंडीत जिंकणारा संघ जास्त पळतो’ हे विधान बरेचदा खरं निघतं. पण आघाडी घेतलेला संघ उबदार हवेतही शेवटी जास्त पळतो, कारण त्याला घड्याळ चालू ठेवायचं असतं. एकदिवसीय क्रिकेटमध्ये लक्ष्य टप्प्यात आलेला संघ शेवटी एकेरी-दुहेरी धावा काढत बसतो. म्हणून तो एकेरी धावांनी जिंकला असं आपण म्हणत नाही, आधी कुणीतरी चौकार-षटकार मारलेले असतात. फुटबॉलमध्ये मात्र सामना संपल्यावर पळण्याचे आकडे बघून नेमकं तेच म्हटलं जातं.

बर्फ पडतो तेव्हा पळणारे चमकतात हे मी नाकारत नाही. १२ जानेवारी २००८ ला लॅम्बो फील्डवर बर्फवृष्टीत पॅकर्सचा रायन ग्रँट २०१ यार्ड पळाला आणि सिॲटल सीहॉक्सचा धुव्वा उडाला. आठवड्याने त्याच मैदानावर उणे अठरा अंशांत जायंट्स आले. तोच ग्रँट १३ वेळा पळाला आणि २९ यार्डांवर अडला. त्या दिवशी सामना नेला जायंट्सच्या इलाय मॅनिंगने. त्याने गोठलेल्या हातांनी ४० पास फेकले, २५१ यार्ड कमावले, एकही इंटरसेप्शन दिला नाही. प्लॅक्सिको बरेसने एकट्याने अकरा पास झेलून १५१ यार्ड मिळवले. जादा वेळेत लॉरेन्स टाइन्सच्या ४७ यार्डांच्या किकवर जायंट्स २३-२० ने जिंकले. लोकांच्या लक्षात मात्र राहिला पॅकर्सचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्वचा जादा वेळेतला इंटरसेप्शन. चाळीस पास फेकून जिंकलेला माणूस त्याच मैदानावर उभा होता. एका आठवड्यात ग्रँट २०१ वरून २९ वर आला याचं कारण समोरच्या बचावफळीत आहे. हवामानाकडे बघताना प्रतिस्पर्ध्याकडे बघायचं राहून जातं. बर्फातही पास चालतो हे ऑक्टोबर २००९ मध्ये टॉम ब्रेडीने दाखवलं. टेनेसी टायटन्सविरुद्ध पडत्या बर्फात त्याने सहा टचडाउन पास फेकले आणि पेट्रियट्स ५९-० ने जिंकले. जानेवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटीत उणे वीस अंशांत पॅट्रिक महोम्सचं शिरस्त्राण धडकेत तडकलं, त्याचा तुकडा उडाला. तरी त्याने ४१ पास फेकले, प्रतिस्पर्ध्याला एकही दिला नाही, आणि चीफ्स २६-७ ने जिंकले.

एवढं असूनही प्रशिक्षक थंडीत पळतात. त्यांना हे कळत नाही असं मला वाटत नाही. त्यांना दोषाची भीती असते. पळून हरलात तर ‘थंडी होती, झुंजले’ असं म्हटलं जातं. फेकून हरलात तर त्या चालीचं नाव जन्मभर चिकटतं. ४ जानेवारी १९८१ ला क्लीव्हलंडमध्ये तसंच झालं. ब्राउन्स ओकलंड रेडर्सपेक्षा दोन गुणांनी मागे, १४-१२. सामन्याचं शेवटचं मिनिट, चेंडू तेरा यार्डांच्या रेषेवर. एक किक बसली तर विजय. प्रशिक्षक सॅम रुटिग्लियानो यांनी पासची चाल सांगितली, रेड राइट ८८. कुणी मोकळा दिसला नाही तर चेंडू सरळ ईरी सरोवरात फेकून दे, असंही ब्रायन साइपला बजावलं. साइपने तो ऑझी न्यूसमकडे फेकला आणि रेडर्सच्या माइक डेव्हिसने मध्येच झेलला.

त्या निर्णयाला आजही क्लीव्हलंडमध्ये शिव्या पडतात. मला तो निर्णय समर्थनीय वाटतो. किक मारणारा डॉन कॉकरॉफ्ट त्या दिवशी दोन किक चुकला होता, एक चेंडू नीट न आल्याने हुकली होती, टचडाउननंतरची एक अडवली गेली होती. सरोवरावरचा वारा मैदानात घुमत होता. साइप हा त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच्याच पासवर ब्राउन्स तिथवर आले होते. जवळ जाऊन किक सोपी करणं, जमलं तर टचडाउन करणं, हा विचार चुकीचा नव्हता. घुमत्या वाऱ्यात तो विशिष्ट पास फेकणं चुकलं. ही दोन वेगळी विधानं आहेत. पण चार दशकं क्लीव्हलंडने त्यांतून एकच धडा घेतला, की थंडीत फेकू नये. एका पासची शिक्षा पुढच्या सगळ्या पासना मिळाली. जो प्रशिक्षक योग्य विचार करून हरतो त्याला गाव माफ करत नाही, आणि जो चुकीचा विचार करून परंपरेच्या आडोशाला उभा राहतो त्याची नोकरी टिकते. या व्यवस्थेत समजूत बदलणार कशी?

म्हणून संघबांधणीच्या चर्चेत ‘आपण थंड गावातले, आपल्याला पळणारा संघ हवा’ हे वाक्य येतं तेव्हा ते थांबवायला हवं. बफेलोने २०१८ मध्ये उलट केलं. मोठे हात आणि दांडगा खांदा असलेला जॉश ॲलन निवडला. वाऱ्यालाही भेदू शकेल असा सपाट, कडक पास फेकणारा माणूस त्या गावाला हवा होता, आणि तो मिळाल्यापासून बिल्स जानेवारीत काय करतात हे सगळ्यांसमोर आहे. थंड गावातल्या संघाने पैसा आधी क्वार्टरबॅकवर आणि त्याला राखणाऱ्या फळीवर लावावा, लवकर वळून चेंडू झेलणारे रिसीव्हर आणावेत, आणि पास झेलता येत नसेल असा रनिंग बॅक कितीही दणकट असला तरी घेऊ नये.

अमेरिकेत राहणारे अनेक मराठी वाचक डिसेंबर-जानेवारीत हे सामने घरी बसून किंवा मैदानावर जाऊन बघत असतील. त्यांना एवढंच सांगतो. पुढच्या वेळी समालोचक पारा वाचून दाखवेल तेव्हा गोलाच्या खांबांच्या टोकांना बांधलेल्या केशरी फिती बघा. त्या आडव्या ताणल्या गेल्या असतील तर आखूड पासचा आग्रह धरा. लोंबत असतील तर उणे वीस अंशांतही आपल्या क्वार्टरबॅकला फेकू द्या, आणि त्याचा एखादा पास चुकला तर लगेच थंडीच्या नावाने त्याच्या प्रशिक्षकाला धारेवर धरू नका.